दुरुस्तीवाल्याने घडविलेले वाद्य

विद्युत् गिटारचा इतिहास सांगताना सहसा वादकांचीच नावे घेतली जातात. जिमी हेंड्रिक्स, एरिक क्लॅप्टन, एडी व्हॅन हेलन ही नावे पाश्चात्त्य संगीताशी बेताचाच परिचय असलेल्यांच्याही कानांवरून गेलेली असतात. परंतु ज्या गृहस्थाने अशा वादकांच्या हाती नव्या धर्तीचे वाद्य दिले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते घरच्या टेबलावर उघडून मनाजोगते करून घेण्याची सोय ठेवली, त्या लिओ फेंडर यांच्याकडे तितक्या बारकाईने पाहिले जात नाही. १९९१ साली ते निवर्तले. हयातभर त्यांना गिटार वाजविता आली नाही. असे असता त्यांचीच गिटार जगभर का पसरावी, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पूर्वायुष्यात, रेडिओ-दुरुस्तीच्या एका साध्या दुकानात सापडते.

फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियातील फुलर्टन व ॲनाहाइम या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्याची बाग होती. वयाच्या आठव्या वर्षी आजारामुळे त्यांचा एक डोळा गेला व काचेचा डोळा बसवावा लागला. मोटारींच्या विजेची कामे करणाऱ्या एका नातलगाने धाडलेल्या जुन्या सुट्या भागांमुळे या मुलाला रेडिओचे वेड लागले आणि शाळेत असतानाच तो घरी लोकांचे रेडिओ दुरुस्त करून देऊ लागला. विद्युत्शास्त्राचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतले नाही. महाविद्यालयात ते हिशेबनीसाचे काम शिकले आणि त्याच कामावर काही वर्षे नोकरी केली. पुढे महामंदीने ती नोकरी हिरावून घेतली. तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी फुलर्टनमध्ये रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले. पत्नी एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करीत होत्या. त्या पगाराचा प्रपंचाला मोठाच आधार होता.

दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला वस्तूची एक निराळीच बाजू दिसते. नव्या वस्तूचा झगमगाट त्याच्या वाट्याला येत नाही. ती कोठे मोडते, कोणता जोड आधी निखळतो, कोणता भाग बदलण्यासाठी विनाकारण सारी वस्तू खोलावी लागते, हेच त्याला रोज पाहावे लागते. फेंडर यांच्या दुकानात रेडिओंबरोबर गावोगावच्या नृत्यगृहांत वाजविणाऱ्या वादकांचे ध्वनिवर्धकही येऊ लागले. या वादकांच्या तक्रारी ऐकणे हेच त्यांचे संगीतशिक्षण होय. डॉक कॉफमन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात प्रथम मांडीवर आडव्या ठेवून वाजविण्याच्या गिटारी बनविल्या. तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजविण्याचा हा हवाईयन प्रकार हिंदी चित्रपटगीतांच्या धून वाजविलेल्या तबकड्यांमुळे आपल्याकडील श्रोत्यांच्याही चांगला परिचयाचा आहे. १९४६ साली कॉफमन बाजूला झाले आणि फेंडर यांनी स्वतःची कंपनी काढली.

त्या काळी प्रचलित असलेली उभी विद्युत् गिटार ही मूळच्या पोकळ गिटारला विजेची जोड दिलेली होती. सतारीचा वा तंबोऱ्याचा भोपळा ज्याप्रमाणे तारेचा नाद वाढवितो, त्याप्रमाणे गिटारचे पोकळ खोके तो वाढविते. परंतु शेजारी मोठा ध्वनिवर्धक असेल, तर हेच खोके त्याचा आवाज पुन्हा शोषून घेते आणि असह्य शिट्टी वाजू लागते. विद्युत् गिटारमध्ये वस्तुतः खोक्याची गरजच नसते. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते व त्या वेढ्यांत अत्यल्प वीजप्रवाह निर्माण होतो. तो मोठा करण्याचे काम ध्वनिवर्धकाचे. तेव्हा भरीव लाकडाच्या फळीवरही गिटार होऊ शकते, ही कल्पना फेंडर यांच्या आधी इतरांनाही सुचलेली होती. लेस पॉल यांनी एका ओंडक्यावर तसा प्रयोग केला होता, तर पॉल बिग्झबी या कारागिराने १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी भरीव गिटार हाताने घडविली होती. भरीव गिटारचे आद्य जनक हा मान फेंडर यांना देता येणार नाही, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे.

त्यांचे कर्तृत्व वेगळे आहे. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेली गिटार, जी पुढच्याच वर्षापासून टेलिकास्टर या नावाने ओळखली जाऊ लागली, ती दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीने आखलेली होती. परंपरागत गिटारची दांडी खोक्यात सरसाने कायमची बसविलेली असे. ती वाकली वा पडदे झिजले, तर निष्णात कारागिराचा शोध घ्यावा लागे. फेंडर यांनी मेपल लाकडाची दांडी ॲश लाकडाच्या सपाट धडाला चार स्क्रूंनी जोडली. ती बिघडली तर काढावी आणि दुसरी लावावी, इतका सरळ हिशेब. सहाही खुंट्या एका बाजूला ओळीने आल्या. आवाजाची बटणे एका धातूच्या पट्टीवर बसविलेली. दोन स्क्रू सोडविले की सारी तारजोडणी हाती येई. जुन्या कारखानदारांनी या फळीची यथेच्छ टिंगल केली. लाकूडकामाच्या सौंदर्यदृष्टीने पाहता त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. शिवाय या रचनेमागे काटकसरही होती, कारण स्क्रूने जोडलेली गिटार झपाट्याने व स्वस्तात तयार होते. फेंडर हे व्यावसायिक होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि कारखानदाराची सोय आणि ग्राहकाची सोय एकाच रचनेत साधणे हे सामान्य काम नव्हे.

१९५१ साली त्यांनी पडदे असलेली विद्युत् बेस गिटार आणली आणि माणसाच्या उंचीचे अवजड वाद्य पाठीवरून वाहणाऱ्या वादकांची त्या ओझ्यातून सुटका केली. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. टेलिकास्टरची कड छातीत रुतते ही वादकांची तक्रार होती, म्हणून तिच्या कडा अंगासरशा घासून गोल केल्या गेल्या. बिल कार्सनसारखे वादक नमुने घेऊन जात, रात्रीच्या मैफलीत ते वाजवीत आणि दोष सांगत. फ्रेडी टाव्हारेस व जॉर्ज फुलर्टन हे सहकारी त्याप्रमाणे आकृत्या व साचे बदलीत. वाद्य न येणे हा उणेपणा फेंडर यांनी अशा रीतीने भरून काढला. स्वतःच्या कानावर विसंबता येत नसल्यामुळे दुसऱ्याचे ऐकून घेणे त्यांना भागच होते. किंबहुना स्वतः वादक असते, तर त्यांनी बहुधा स्वतःच्याच आवडीची गिटार बनविली असती.

या रचनेचा खरा परिणाम मात्र कारखान्याबाहेर दिसून आला. इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने घरी गिटार करावयास घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, स्प्रिंगांसाठी मोटारसायकलचे भाग, असे करीत ती पुरी होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ही गिटार कौतुकास्पद खरीच, पण तितकी चिकाटी आणि तसा पिता प्रत्येकाला कोठून लाभणार? फेंडर पद्धतीच्या गिटारमुळे हे काम पेचकस व सोल्डरिंग आयर्न हाताळू शकणाऱ्या कोणाच्याही आवाक्यात आले. क्लॅप्टन यांनी १९७० साली नॅशव्हिलमध्ये काही जुन्या स्ट्रॅटोकास्टर विकत घेतल्या आणि त्यांपैकी तिघींचे उत्तम भाग एकत्र करून एक काळी गिटार सिद्ध केली. व्हॅन हेलन यांनी कारखान्यातून नापसंत ठरलेले स्वस्त धड व निराळी दांडी आणून, दुसऱ्या जातीच्या गिटारचे चुंबक त्यावर बसविले. १९७०च्या दशकात चुंबक, दांड्या व धडे सुटी विकणारे व्यवसाय उभे राहिले आणि घराघरांत गिटारी जोडल्या जाऊ लागल्या.

याचे एक छोटे उदाहरण बोलके आहे. स्ट्रॅटोकास्टरला तीन चुंबक होते व ते निवडणाऱ्या बटणाला तीनच घरे होती. वादकांनी ते बटण दोन घरांच्या मधोमध अडकवून ठेवले, तेव्हा दोन चुंबकांचा मिळून एक नवाच नाद निघाला. आखणी करणाऱ्यांच्या मनात नसलेला हा नाद इतका लोकप्रिय झाला की १९७७ साली कंपनीने पाच घरांचे बटण बसविण्यास सुरुवात केली. वापरणाऱ्याने वस्तूला शिकविले आणि कारखान्याने तो धडा गिरविला.

फेंडर तोवर त्या कंपनीत राहिलेले नव्हते. दीर्घ आजाराने खचून त्यांनी १९६५च्या जानेवारीत १ कोटी ३० लाख डॉलरना ती सीबीएस या बलाढ्य संस्थेला विकून टाकली. पुढे प्रकृती सुधारली, पण ‘फेंडर’ ही मुद्रा आता परक्याची झाली होती. नव्या कारखान्याला स्वतःचेच आडनाव देण्याची सोय उरली नव्हती. त्यांनी आधी म्युझिक मॅन व नंतर जी अँड एल या नावांखाली काम चालू ठेवले आणि कंपवाताने ग्रासले असतानाही अखेरच्या दिवसांपर्यंत कामाचे टेबल सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथेच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर त्यांच्या वाट्याला एक विचित्र सन्मान आला आहे. १९६५पूर्वीच्या त्यांच्या गिटारींना संग्राहक प्रचंड किंमत देतात. क्लॅप्टन यांची ती जोडलेली काळी गिटार २००४ साली लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली. जुन्या गिटारीचा एखादा मूळ सांधा वितळवून नवा केलेला आढळला तरी तिचे मोल उतरते. साहजिकच जे स्क्रू उघडण्यासाठी म्हणून ठेवले होते, त्यांना हात लावण्यास आता मालक धजावत नाही. इतिहासाची साधने जपली पाहिजेत हे मान्य. परंतु ज्याने बदलण्यासाठी वस्तू बनविली, त्याची वस्तू कपाटात गोठवून ठेवणे ही त्याची स्मृती नव्हे.

आज हाती येणाऱ्या कित्येक वस्तू डिंकाने चिकटवून बंद केलेल्या असतात. त्या बिघडल्या की टाकून द्याव्या लागतात, आणि त्या कशा चालतात हे मुलांना कधीच कळत नाही. अशा वेळी फेंडर यांच्या चार स्क्रूंचे महत्त्व संगीतापुरते राहत नाही. विकत घेतलेली वस्तू उघडण्याचा, समजून घेण्याचा, प्रसंगी बिघडवून पुन्हा नीट करण्याचा अधिकार घेणाऱ्याला असला पाहिजे, हे त्यांनी कोणतेही तत्त्वज्ञान न सांगता दाखवून दिले. रेडिओच्या टाकाऊ भागांची एक पेटी एका मुलाच्या हाती पडली नसती, तर हे काहीच घडले नसते. आपल्या मुलांच्या हाती उघडता येतील अशा किती वस्तू आपण देत आहोत, याचा हिशेब प्रत्येक घराने एकदा मांडून पाहावयास हवा.