गेरू, मडकं आणि रुमाना हुसेन

खानवेलला आमच्या घरामागच्या पाड्यावर लग्न निघालं, की कुडाच्या भिंती गेरूने सारवतात आणि त्यांवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्यामुळे गेरू म्हटलं की मला लग्नघरच आठवतं. रुमाना हुसेन यांच्या कामात तोच गेरू पाहिला आणि मी थबकले. तिथे तो जखमेसारखा दिसत होता.

रुमाना यांचा जन्म १९५२ चा, बंगळुरूचा. पुढे त्या मुंबईकर झाल्या. आधी त्या कॅनव्हासवर चित्रं काढत. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगली उसळल्या. त्या दिवसांत शहरात माणसाचं नाव हीच त्याची ओळख होऊन बसली.

यानंतर रुमाना यांना कॅनव्हास पुरेना. त्यांनी मातीची मडकी कापली, फोडली, तुकड्यांना आरशाची जोड दिली, गेरू आणि नीळ वापरली. अर्धं मडकं पालथं घातलं की घुमट दिसतो, आणि तेच बाईचं पोटही वाटतं. घुमट पडणं, घर मोडणं आणि देहावर घाव होणं वेगळं नसतं, हा मला त्यांच्या मांडणशिल्पांमागचा विचार वाटतो. आणि आरशात तर आपणच दिसतो! मग नुसतं बघे म्हणून कसं उभं राहणार?

१९९५ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये त्या पायांत घुंगरू बांधून, हातात कापलेली पपई घेऊन चालल्या. तोंड उघडं, पण आवाज नाही. १९९७ मध्ये त्यांनी बेगम हजरत महल यांच्या कबरीचं मांडणशिल्प केलं. १८५७ मध्ये लखनौत इंग्रजांशी लढलेली ही बेगम १८७९ मध्ये नेपाळात वारली. आपल्याच देशात परकं ठरणं म्हणजे काय, हे रुमाना तिच्यातून शोधत होत्या.

१९९९ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती.

मी खानवेलमध्येच वाढले, भांडते मराठीत, प्रार्थनाही मराठीतच करते. तरी आडनाव सांगितलं की कुणीतरी विचारतंच, तू मूळची कुठली? पूर्वी मी हसून विषय बदलायचे. आता सरळ सांगते, खानवेलची. आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते.