सुमो, ४०७ आणि छोटं इंजिन: सुमंत मूळगावकर यांची गोष्ट

एक फॉरवर्ड तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेला असेल. टेल्कोचे एक मोठे साहेब दुपारच्या जेवणाला ऑफिसमधून गायब व्हायचे. शेवटी कळलं, की ते हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत बसून, गाडीत काय चांगलं आणि काय वाईट ते विचारायचे. ढाब्याचा भाग ऐकीव आहे. नावाचा भाग मात्र खरा आहे: सुमंतमधला ‘सु’ आणि मूळगावकरमधला ‘मो’, अशी ‘सुमो’. गाडी आली १९९४ मध्ये. सुमंत मूळगावकर १९८९ मध्येच गेले होते. म्हणजे आपल्या नावाची गाडी त्यांनी पाहिलीच नाही.

पण फॉरवर्डमध्ये खरी गोष्ट येतच नाही. भारतातल्या ट्रक आणि पिकअपमध्ये कुठलं इंजिन बसवायचं, किती मोठं, आणि ते कुणी बनवायचं, हे प्रश्न या माणसाने जवळपास चाळीस वर्षं हाताळले. आज अमेरिकेत मोठ्या पिकअपमध्ये भलंमोठं व्ही-एट टाकायचं की छोटं टर्बो इंजिन, यावर वाद चालतो. फोर्डच्या एफ-१५० मध्ये २.७ लिटरचं टर्बो मिळतं, शेवरले सिल्व्हरॅडोमध्ये तर चार सिलिंडरचं. आपल्याकडे हा वाद वेगळ्या रस्त्याने आला, आणि त्या रस्त्याच्या सुरुवातीला मूळगावकर उभे आहेत.

सिमेंटपासून सुरुवात

जन्म १९०६. शिक्षण लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये, मेकॅनिकल इंजिनिअरिंग. परत आल्यावर काम सिमेंटच्या धंद्यात, पुढे एसीसीमध्ये. दुसऱ्या महायुद्धात परदेशी मशिनरी येणं बंद झालं, तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रं इथेच बनवायच्या कामात ते होते. आयात थांबली की आपल्याला काय काय बनवता येत नाही हे लगेच उघडं पडतं. हा धडा त्यांनी पुढे प्रत्येक निर्णयात वापरलेला दिसतो.

१९४९ च्या सुमारास ते टेल्कोत आले. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स. १९४५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी तेव्हा जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बनवण्याच्या उद्योगात होती. ट्रक नव्हतेच. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला, आणि करारानंतर सहा महिन्यांच्या आत पहिली गाडी कारखान्याबाहेर आली. त्या ट्रकवर नाव असायचं टाटा मर्सिडीज-बेंझ.

आता इथे बहुतेक कंपन्या निवांत झाल्या असत्या. नाव जर्मन, ड्रॉइंग जर्मन, गिऱ्हाईक रांगेत. मूळगावकरांनी मात्र १९५९ मध्ये जमशेदपूरला संशोधन आणि विकास केंद्र सुरू होताना पाहिलं आणि करार संपायच्या दिवसाची तयारी करायला घेतली. १९६९ मध्ये करार संपला. बोनेटवरचं जर्मन नाव गेलं आणि फक्त ‘टाटा’ उरलं.

आधी हत्यारं, मग गाड्या

दरम्यान पुण्याजवळ, पिंपरी-चिंचवडच्या उजाड माळावर दुसरा कारखाना उभा राहत होता. १९६६ मध्ये तिथे इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर सुरू झालं. पण पुण्यातून पहिली व्यावसायिक गाडी निघाली १९७७ मध्ये. मधली ११ वर्षं काय केलं? गाडी बनवणारी मशिनं बनवली. मशिन टूल, डाय, जिग, आणि ती चालवणारी माणसं. अ‍ॅप्रेंटिस घेऊन त्यांना शिकवायचं. सोबत त्या माळावर झाडं लावली, तळं केलं. तिथे पुढे स्थलांतरित पक्षी यायला लागले.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी अ‍ॅप लिहायच्या आधी कंपायलर लिहिला. वेळ लागतो, बाहेरून काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि पैसे ओतणाऱ्यांना दम धरावा लागतो. पण एकदा ते हातात आलं की पुढची प्रत्येक गोष्ट कुणाला न विचारता करता येते. हा फरक १९८० च्या दशकात दिसला. त्यावर येऊच.

१९७१: डिझेल थेट पिस्टनवर

करार झाला तेव्हाची मर्सिडीजची ट्रक इंजिनं प्री-चेंबर पद्धतीची होती. म्हणजे डिझेल आधी एका छोट्या खोलीत फवारायचं, तिथे ते पेटायला लागायचं, आणि मग ज्वाला मुख्य सिलिंडरमध्ये यायची. इंजिन शांत चालायचं, पण त्या खोलीच्या भिंतींमध्ये उष्णता वाया जायची. उष्णता वाया म्हणजे डिझेल वाया.

१९७१ मध्ये टेल्कोने डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आणली. यात डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं. आवाज वाढतो, पण साधारण १० ते १५ टक्के डिझेल वाचतं. दोनच वर्षांत, १९७३ मध्ये, जगात तेलसंकट आलं आणि किमती उसळल्या. ज्यांच्या ट्रकमध्ये थेट इंजेक्शन होतं त्यांचा हिशोब सांभाळला गेला. ट्रकमालकासाठी डिझेल हाच सगळ्यात मोठा खर्च असतो, त्यामुळे इंजिन किती ताकदवान यापेक्षा एका लिटरमध्ये किती टन किती लांब जातं हे महत्त्वाचं.

आकडे वाचायला शिका

टाटाच्या जुन्या गाड्यांची नावं म्हणजे उघडं स्पेसिफिकेशन आहे. १२१० म्हणजे साधारण १२ टन वजनाचा वर्ग आणि १० गुणिले १० म्हणजे १०० हॉर्सपॉवर. १६१२ म्हणजे १६ टन, १२० हॉर्सपॉवर. ४०७ म्हणजे ४ टनांचा वर्ग, ७० हॉर्सपॉवर. २०६ म्हणजे २ टनांचा वर्ग, ६० हॉर्सपॉवर.

आता भागाकार करा. १२१० ला एका टनामागे जेमतेम ८ हॉर्सपॉवर मिळायची. २०६ ला ३०. गाडी जितकी छोटी, तितकी टनामागची ताकद जास्त.

इंजिनांची नावंही तशीच. ४९७ म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यासाचे. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर, व्यास तोच. ४८३ म्हणजे ४ सिलिंडर, ८३ मिलिमीटरचे. ४८३ चा स्ट्रोक ९० मिलिमीटर. फोनच्या कॅल्क्युलेटरवर पाय, भागिले ४, गुणिले व्यासाचा वर्ग, गुणिले स्ट्रोक, गुणिले ४ करून बघा. उत्तर १९४८ सीसी येईल. हा आकडा लक्षात ठेवा.

जपानी पाहुणे आणि ४०७

१९८० च्या दशकात सरकारने हलक्या ट्रकसाठी जपानी कंपन्यांशी भागीदारीला परवानगी दिली. एकदम चार जोड्या आल्या: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. गाड्या हलक्या, चपळ, डिझेल कमी खाणाऱ्या. टेल्कोकडे या वर्गात काहीच नव्हतं. पाचवी जपानी जोडी जमवणं हा सोपा मार्ग होता.

मूळगावकर तेव्हा चेअरमन होते आणि वय होतं पंचाहत्तरीच्या पुढे. टेल्कोने गाडी स्वतः डिझाइन करायचं ठरवलं. १९८६ मध्ये ४०७ आली, पाठोपाठ ६०८. हे इतक्या लवकर जमलं, कारण डाय बनवणारे, मशिन बनवणारे आणि डिझाइन करणारे पुण्यात आधीच होते. ती ११ वर्षं इथे कामी आली.

पुढे काय झालं ते रस्त्यावर दिसतंच. कळमना मार्केटमधून माल निघतो तेव्हा किंवा वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांसमोर उभं राहून बघा, ४०७ आजही दिसते. ऑल्विन निसान आणि डीसीएम टोयोटा ही नावं तुम्ही बहुधा पहिल्यांदाच ऐकत असाल.

पिकअप, आणि न बसवलेला टर्बो

१९८० च्या दशकाच्या अखेरीस टाटामोबाइल २०६ हे पिकअप आलं. इंजिन तेच, १९४८ सीसीचं ४८३. टर्बो नाही. १९८८ च्या अखेरीस मूळगावकरांनी चेअरमनपद रतन टाटांकडे सोपवलं, आणि १९८९ च्या जुलैत त्यांचं निधन झालं.

याच इंजिनावर पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो आल्या. ताकद साठ-सत्तर हॉर्सपॉवरच्या दरम्यान. मग १९९८ मध्ये सफारी आली: सीसी तेवढेच, सोबत टर्बो आणि इंटरकूलर, आणि ताकद नव्वदीच्या जवळ. सिलिंडर वाढवले नाहीत, मोठे केले नाहीत, फक्त त्यांना जास्त हवा दिली.

टर्बो नेमकं काय करतो? जळलेल्या इंधनाच्या ऊर्जेचा जवळपास तिसरा भाग सायलेन्सरमधून गरम वायू म्हणून निघून जातो. टर्बो त्या वायूवर एक चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा, जास्त ऑक्सिजन, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं. इंटरकूलर ती दाबलेली हवा थंड करतो. नागपूरकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हवा १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणजे बिनटर्बोचं इंजिन मे महिन्यात दर श्वासाला तेवढा ऑक्सिजन गमावून बसतं.

मोठ्या ट्रकमध्ये टर्बो टाटा-कमिन्समुळे रुळला. ही भागीदारी १९९३ ची, कारखाना जमशेदपूरला. इथे योगायोग बघा. त्याच कमिन्स बी-सिरीजचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर टर्बो इंजिन अमेरिकेत १९८९ मध्ये डॉज रॅम पिकअपमध्ये बसवलं गेलं होतं. तेव्हा फोर्डकडे ७.३ लिटरचं बिनटर्बो डिझेल व्ही-एट होतं. छोट्या इंजिनाने ओढण्याच्या ताकदीत त्याला मागे टाकलं.

मग छोटं इंजिन घ्यायचं का?

उत्तर भारावर अवलंबून आहे. गाडी बहुतेक वेळ अर्धी रिकामी, सपाट रस्त्यावर चालत असेल तर छोटं टर्बो इंजिन फायद्याचं. आतलं घर्षण कमी, स्वतःचं वजन कमी, आणि ओव्हरटेक करताना टर्बो मदतीला. पण रोज पूर्ण लोड घेऊन सिवनीकडे कुरई घाट चढायचा असेल तर टर्बो सतत दाब देत राहतो, डिझेल मोठ्या इंजिनाइतकंच लागतं, आणि तेल, कूलंट, एअर फिल्टर यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ आयडल ठेवायचं, कारण टर्बोचं बेअरिंग तेलावर जगतं.

शोरूममध्ये गेलात की सीसी आणि हॉर्सपॉवर दोन्ही विचारा, पण तिथेच थांबू नका. जास्तीत जास्त टॉर्क कुठल्या आरपीएमला मिळतो ते विचारा आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन विचारा. मग ताकदीला टनांनी भागा. १२१० च्या नावात हाच भागाकार दडलेला होता, आणि तो करायला लागणारे दोन्ही आकडे टेल्कोने तेव्हा सरळ गाडीच्या अंगावर लिहून ठेवले होते.