असईच्या रणात वेलस्लीची तलवार

आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव झाला, हे आपण शाळेत एका ओळीत शिकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. तो पराभव करणारा आर्थर वेलस्ली तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा निकाल लावला, इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. अशा माणसाभोवती दंतकथा जमणारच. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने १९९८ साली ‘शार्प्स ट्रायम्फ’मध्ये असईचा प्रसंग रंगवला आहे. घोडा गेलेला, सेनापती शिंद्यांच्या गोलंदाजांच्या गराड्यात सापडलेला, आणि एक सार्जंट एकट्याने लढून त्याला वाचवतो. सार्जंट काल्पनिक आहे, हे उघडच. पण सेनापतीचे काय? खुद्द वेलस्ली कधी हातघाईवर आला होता का?

त्याची सुरुवात तरी तशी नव्हती. १७८७ साली तो सैन्यात शिरला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पैसे मोजून हुद्दे विकत घेत १७९३ साली लेफ्टनंट कर्नल झाला. तोवर त्याने एकही लढाई पाहिली नव्हती! बारूदीचा पहिला वास त्याने १७९४ साली नेदरलँड्समधल्या मोहिमेत घेतला. सैन्य कसे चालवू नये, एवढे मात्र तो तिथे पक्के शिकला. १७९७ साली तो पलटणीसह कलकत्त्याला उतरला आणि वर्षभरात थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. हे नाते त्याच्या फारच पथ्यावर पडले.

श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत मात्र भाऊबंदकी कामी येणार नव्हती. एप्रिल १७९९ मध्ये सुलतानपेठेच्या दाट झाडीवर रात्री हल्ला करण्याचे काम त्याच्याकडे आले. अंधारात पलटण भरकटली, त्याच्या गुडघ्याला जोर गेलेली गोळी लागली, बारा शिपाई टिपूच्या हाती सापडले आणि पुढे मारले गेले. दिवसाउजेडी नीट पाहून घेतल्याशिवाय कुठल्याही ठाण्यावर रात्री हल्ला करायचा नाही, असे त्याने त्या रात्रीनंतर ठरवून टाकले. ४ मे रोजी किल्ला पडला तेव्हा तो राखीव तुकडीबरोबर मागे होता. तटावर, दरवाज्यात, एखाद्या शिपायासारखा शेवटपर्यंत लढला तो टिपू. प्रेतांच्या ढिगाऱ्यातून सुलतानाला बाहेर काढले, तेव्हा त्याची नाडी पाहायला वेलस्ली तिथे पोहोचला होता.

हातघाईच्या सर्वांत जवळ तो गेला पुढच्या वर्षी. टिपूच्या तुरुंगातून सुटलेला धोंडजी वाघ स्वतःला उभय लोकांचा राजा म्हणवत कर्नाटकात धुमाकूळ घालत होता. पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले त्याच्याशी लढताना कामी आले होते. १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगलजवळ वेलस्लीने त्याला गाठले. पायदळ मागे राहिलेले, हाताशी घोडदळाच्या चार पलटणी, समोर पाच हजारांच्या आसपास स्वार. वेलस्लीने चारही पलटणी एकाच रांगेत उभ्या केल्या आणि स्वतः पुढे होऊन घोडा फेकला. साऱ्या आयुष्यात घोडदळाचा हल्ला त्याने जातीने चालवला, तो हा एकदाच. धोंडजी मारला गेला. त्या धुमश्चक्रीत वेलस्लीची तलवार कुणाच्या अंगावर उतरली असेल तर ती इथेच. पण त्याच्या खलित्यात धोंडजीच्या मृत्यूची बातमी आहे, स्वतःच्या तलवारीची फुशारकी नाही. लढाईनंतर सामानसुमानात धोंडजीचा लहानगा मुलगा सलाबतखान सापडला. त्याला वेलस्लीने आपल्या तंबूत नेले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवले. शत्रूच्या पोराची अशी सोय लावणारे सेनापती त्या काळात थोडेच निघतील.

आता असई. वाटाड्यांनी सांगितले, केळणेला इथे उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे दिसली. शेजारची दोन गावे एकमेकांकडे ये-जा केल्यावाचून राहतील कशी, असा साधा शेतकरी हिशेब त्याने केला आणि उतार तिथेच निघाला. नदी ओलांडताना शेजारच्या स्वाराचे मुंडके तोफेच्या गोळ्याने उडाले. पुढे त्याचा पहिला घोडा गोळीने पडला. दुसरा डायोमेड. हा अरबी घोडा कर्नल अ‍ॅस्टन नावाच्या मित्राने द्वंद्वयुद्धात जखमी होऊन मरताना त्याला दिला होता.

शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्या दिवशी तोफा सोडल्या नाहीत. संगिनींनी भोसकले तेव्हाच ते पडले. इंग्रज पायदळ पुढे निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले काही जण उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीत मारा सुरू केला. इंग्रज लेखकांना यात कपट दिसले. आपल्याला ते तसे वाटायचे कारण नाही. त्या तोफा परत घ्यायला वेलस्ली स्वतः ७८ वी हायलँडर पलटण आणि देशी घोडदळ घेऊन मागे वळला. या गर्दीत डायोमेडच्या छातीत भाला घुसला. भाल्याचे पाते घोड्याच्या छातीपर्यंत येते तेव्हा स्वार आणि शत्रू यांच्यात अंतर ते किती उरते? हातघाई त्याच्या रिकिबीपाशी चालली होती, एवढे नक्की. त्याने वार केला असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही, आणि माझ्या मते त्याने तो केलाही नसावा. सेनापतीचा हात तलवारीत गुंतला की हुकूम थांबतात, हे त्याच्याइतके कोणी ओळखले नव्हते. त्याच्या बाजूची सुमारे सोळाशे माणसे त्या दिवशी ठार-जखमी झाली. रात्री झोपेतून तो दचकून उठत होता, आपले सारे सोबती गेले या भासाने.

इथे बापू गोखल्यांची आठवण होते. धोंडोपंतांचे हे पुतणे. धोंडजी वाघाच्या आणि १८०३ च्या मोहिमेत ते पेशव्यांतर्फे वेलस्लीच्याच बाजूने होते. पंधरा वर्षांनी, २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूरजवळच्या आष्टीला, पळणाऱ्या बाजीरावाची पाठ राखण्यासाठी ते मूठभर स्वारांनिशी इंग्रजांवर तुटून पडले. जनरल स्मिथच्या डोक्याला तलवारीची जखम झाली आणि बापू रणात पडले. ते पडल्यावर हुकूम द्यायला कोणी राहिले नाही. छत्रपती प्रतापसिंह त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती गेले. मर्दुमकीत बापू वेलस्लीहून काकणभर सरसच, हे म्हणताना जीभ अडखळत नाही. अडखळते ती पुढच्या हिशेबाशी.

युरोपातही वेलस्लीचे तेच. ओर्तेझला १८१४ साली गोळी त्याच्या तलवारीच्या मुठीवर आदळली. तलवारीचा एवढा उपयोग त्याला झाला खरा! वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, कात्र ब्रा इथे फ्रेंच स्वार पाठीशी लागले, तेव्हा खंदकात दडलेल्या हायलँडरांना खाली वाकायला सांगून त्याने घोडा त्यांच्या डोक्यांवरून उडवला. पळून जाण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

एका माणसासमोर एकटा, हत्यार रोखून तो उभा राहिला तो साठीच्या उंबरठ्यावर, पंतप्रधान असताना. कॅथलिकांना राजकीय हक्क देण्यावरून लॉर्ड विंचिल्सीने त्याच्या हेतूवर जाहीर शिंतोडे उडवले होते. २१ मार्च १८२९ च्या सकाळी बॅटरसीच्या शेतात दोघे पिस्तुले घेऊन उभे राहिले. ड्यूकचा साक्षीदार हार्डिंग, तोच पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. ड्यूकची गोळी बाजूने गेली. मुद्दाम की नेम चुकला, यावर तेव्हापासून वाद आहे. शिकारीला गेला की कुत्रे, रखवालदार आणि खिडकीत कपडे धुणारी म्हातारी यांनाही छर्रे लागायचे, अशी त्याच्या नेमबाजीची ख्याती होती. विंचिल्सीने हवेत बार काढला आणि लेखी माफी दिली. ड्यूकने टोपीला दोन बोटे लावली, घोड्यावर बसला, आणि मिसेस आर्बथनॉट या स्नेही बाईच्या घरी तिच्या न्याहारीच्या वेळी जाऊन सगळी हकिगत सांगितली.