घटनाकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर : काय सोडले, काय राखले

थोर पुरुषाच्या चरित्रात त्याने काय मिळविले हेच बहुधा सांगितले जाते. त्याने काय सोडले हे सांगितल्यावाचून ते चरित्र पुरे होत नाही, असे आम्हांस वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घटनाकार्याचा अल्पसा परिचय आम्ही ज्ञातिबंधुभगिनींस याच दृष्टीने करून देत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या साहाय्याने ते १९१३ साली अमेरिकेस गेले व पुढे लंडनला बॅरिस्टर झाले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह सर्वश्रुत आहे. १९३२ च्या पुणे करारात त्यांना स्वतंत्र मतदारसंघ सोडून राखीव जागा पत्कराव्या लागल्या.

१९४६ साली ते बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले. मूलभूत उद्योग व शेतजमीन सरकारच्या मालकीची असावी आणि अस्पृश्य वर्गास स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत, अशी योजना त्यांनी १९४७ च्या मार्चमध्ये तयार केली होती. फाळणीमुळे बंगालची जागा गेली, तेव्हा ते मुंबईतून निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले.

अध्यक्षपद लाभले, तरी सभागृहात बहुमत काँग्रेसचे होते. उद्योग व जमिनीची योजना घटनेत आली नाही. स्वतंत्र मतदारसंघांऐवजी विधिमंडळांत राखीव जागा मिळाल्या, त्याही आरंभी १० वर्षांपुरत्या. खेडे हे त्यांच्या मते जातिभेदाचे आगर; तरीही के. संतानम् यांनी ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती मांडताच त्यांनी ती वाद न घालता स्वीकारली.

मग राखले काय? प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास एक मत. कलम १७ अन्वये अस्पृश्यतेस बंदी. आणि मूलभूत हक्कांवर घाला आल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा कलम ३२ चा अधिकार. या कलमास ते घटनेचा आत्मा मानीत.

याच घटनेच्या पाचव्या अनुसूचीने आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, तळोदे, नवापूर या आदिवासी मुलखास विशेष संरक्षण दिले. ज्या पंचायतींविषयी बाबासाहेब साशंक होते, त्यांतही १९९३ पासून अनुसूचित जातिजमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखीव झाल्या. त्यांनी राखलेले तत्त्व अखेर गावच्या चावडीपर्यंत पोहोचले.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली. राजकीय समता आली तरी सामाजिक व आर्थिक विषमता उरलीच आहे, हा इशारा त्यांनी आदल्याच दिवशी दिला होता. तडजोडीसही त्यांच्यापाशी मर्यादा होती. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपला एखादा ठराव नामंजूर झाला की रुसून मंडळाकडे पाठ फिरविणारे बंधू प्रत्येक समाजात असतात. ज्याच्या मोठ्या योजना मागे पडल्या, त्या पुरुषाने बैठक सोडली नाही, म्हणूनच आपल्या मुलाबाळांच्या हाती आज समान मताचा अधिकार आहे. तडजोड कोठे करावी व कोठे करू नये, हा विवेक त्यांच्या चरित्रातून आपण सर्वांनी घ्यावा, हीच आमची नम्र विनंती.