सर मोरोपंत जोशी : माजघरातून कायद्याकडे

थोर पुरुषांचे चरित्र सांगताना त्यांच्या पदव्यांची व अधिकारांची यादी द्यावयाची आणि त्यांच्या घराचा उंबरठा मात्र ओलांडावयाचा नाही, अशी रीत आपल्याकडे पडून गेली आहे. सुधारकाच्या बाबतीत तर ही रीत अन्यायाचीच होय. कारण सुधारकाचे बोलणे खरे की पोकळ, ह्याचा निकाल सभेत लागत नाही, तो माजघरात लागतो. ह्या कसोटीस लावून पाहता अमरावतीचे सर मोरोपंत विश्वनाथ जोशी ह्यांचे दीर्घ आयुष्य वऱ्हाडातील प्रत्येक कुटुंबप्रमुखाने एकदा तरी नजरेखालून घालावे असे आहे.

मोरोपंतांचा जन्म १८६१ सालचा. मुंबई इलाख्यात शिक्षण पुरे करून त्यांनी १८८४ च्या सुमारास अमरावतीस वकिली सुरू केली. वऱ्हाड त्या काळी मालकीने निजामाचा व कारभाराने इंग्रजांचा असा मुलूख होता. कापसाच्या व्यापाराने अमरावती व अकोला ही शहरे भरभराटीस येत होती, आणि नव्या कोर्टकचेऱ्यांमुळे शिकलेल्या मंडळींस येथे मोठे क्षेत्र मिळाले होते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर व गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे नामांकित वकील त्याच पिढीतले. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले, आणि त्याबरोबर भरलेल्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे ह्यांनी जुन्याच्या पुनरुज्जीवनाचा आग्रह धरणारांस, जुन्यातले नेमके काय परत आणावयाचे, असा रोकडा सवाल केला. ज्या गावात हा सवाल विचारला गेला, त्याच गावात जोशांच्या घरी त्याचे उत्तर काही वर्षांपासून शांतपणे तयार होत होते.

मोरोपंतांच्या पत्नी यशोदाबाई ह्यांचा जन्म १८६८ सालचा. त्या काळच्या चालीप्रमाणे त्यांचे लग्न बालपणीच झाले होते. म्हणजे ज्या रूढीशी मोरोपंतांना पुढे झगडावयाचे होते, तिच्यातूनच त्यांचा स्वतःचा संसार उभा राहिला होता. झाले ते झाले म्हणून गप्प बसणे सोपे होते, आणि व्याख्यानात एक बोलून घरात दुसरे वागणे तर त्याहूनही सोपे होते. मोरोपंतांनी ह्या दोन्ही वाटा सोडल्या व पत्नीस शिकविले. बाईच्या हाती पुस्तक आले की घरावर अरिष्ट येते, असे मानणारी वडीलधारी माणसे त्या वेळी घरोघर होती. अशा काळी नवऱ्याने बायकोस अक्षरे गिरवावयास लावणे म्हणजे शेजारपाजारच्या व सोयऱ्याधायऱ्यांच्या बोलण्यास आमंत्रणच होते. परंतु हा नेम टिकला. यशोदाबाई पुढे अमरावतीच्या स्त्रियांच्या सार्वजनिक कार्यात पुढाकार घेऊ लागल्या. १९४८ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा ह्या दांपत्याचा सहवास साठ वर्षांहून अधिक झाला होता. यशोदाबाईंचे आत्मकथन पुढे प्रसिद्ध झाले, त्याचे नाव ‘आमचा जीवनप्रवास’ असे आहे. त्यातील ‘आमचा’ हा शब्द वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. ज्या संसारात पत्नी केवळ मागून चालते, त्या संसाराच्या कथेस असे नाव सुचत नाही.

मोरोपंतांच्या सार्वजनिक कारकिर्दीची हकीकत थोडक्यात अशी. १९२० ते १९२५ पर्यंत ते मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारात गृहखात्याचे सभासद होते, आणि १९२५ साली कलकत्त्यास भरलेल्या लिबरल फेडरेशनच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. असहकाराच्या त्या दिवसांत सरकारी अधिकारपद स्वीकारणाऱ्या नेमस्ताविषयी लोकमत अनुकूल नव्हते, आणि त्यांच्या राजकारणाशी ज्यांचे पटले नाही त्यांच्याही म्हणण्यात तथ्य होते. परंतु त्यांचे जे कार्य राजकीय मतभेदांच्या पलीकडे उरले, ते ह्यानंतरचे आहे.

१९२८ साली हिंदुस्थान सरकारने संमतिवयाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली व तिचे अध्यक्षपद मोरोपंतांकडे आले. विवाहित मुलीचे हे वय १८६० च्या दंडसंहितेत १० वर्षे होते; १८९१ साली पुष्कळ गदारोळ होऊन ते १२ झाले, आणि १९२५ साली १३. म्हणजे पासष्ट वर्षांत कायदा अवघी तीन वर्षे पुढे सरकला होता! रामेश्वरी नेहरूंसह दोन स्त्रिया समितीवर होत्या. निरनिराळ्या प्रांतांतून शेकडो साक्षी घेऊन १९२९ साली समितीने अहवाल दिला. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठेवावे, विवाहितेचे संमतिवय १५ करावे, आणि जन्माची व विवाहाची नोंद काटेकोर व्हावी, असा तिचा अभिप्राय पडला. सतीची चाल कायद्याने बंद करणे जर न्याय्य होते, तर कोवळ्या वयातील मातृत्व थांबविण्यासही कायदा तितकाच न्याय्य आहे, असे तिने निःसंदिग्धपणे सांगितले. हरबिलास सारडा ह्यांचे विधेयक त्याच वर्षी मंजूर झाले आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीस १४ व मुलास १८ ही वयोमर्यादा अंमलात आली.

हा कायदा लंगडाच होता. त्याने लग्न करून देणारास शिक्षा सांगितली, पण झालेले लग्न कायम ठेवले. आणि फिर्याद करणारावर जामिनाचे ओझे घातले. पुढे १९४९ साली मुलीचे वय १५ झाले, १९७८ साली १८ झाले, आणि २००६ साली नवा कायदा आला. तरीही २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाल्याचे आढळले. पाचांत एक हे प्रमाण ज्यांस लहान वाटत असेल, त्यांनी आपल्या आळीतील पाच मुली डोळ्यांसमोर आणाव्यात.

असे का होते? गरिबी आहे, शाळा दूर आहे, मुलीच्या अब्रूची धास्ती आहे. ही कारणे खरीच आहेत. परंतु आणखी एक कारण आपण प्रेमाच्या नावाखाली लपवितो. आजोबांच्या डोळ्यांदेखत नातीचे हात पिवळे व्हावेत, ही इच्छा कित्येक घरांत लग्नाची घाई करविते. म्हातारपणाचा एक सोहळा पाहण्यासाठी मुलीच्या आयुष्यातील चार वर्षे खर्ची घालणे, ह्यास आम्ही वात्सल्य म्हणत नाही. पैशाच्या व्यवहारात मुदतीपूर्वी हुंडी वटत नाही हे ज्या व्यापाऱ्यास पक्के ठाऊक असते, त्याने घरातील मुलीच्या बाबतीत मुदत विसरावी, हे मोठे नवल होय.

मोरोपंतांनी समितीचे अध्यक्षपद घेतले तेव्हा त्यांचे वय सदुसष्टाच्या आसपास होते. त्या वयाची माणसे बहुधा रूढीची राखण करीत बसतात. ह्या गृहस्थाने ते वय परक्यांच्या लेकीनातींची बालपणे वाचविण्याकडे लावले, आणि तसे करण्याचा अधिकार त्यांस कोणत्याही पदवीने नव्हे, तर पत्नीशी वागलेल्या चाळीसाहून अधिक वर्षांनी दिला होता. त्यांनी स्वतंत्र हिंदुस्थान पाहिला. आज ते नाहीत, आणि त्यांच्या समितीचा अहवाल ग्रंथालयाच्या फडताळात पडून आहे. परंतु अमरावती व अकोल्याकडील वाचकांनी त्यांचे स्मरण करावयाचे तर पुतळा नको, पुण्यतिथीचे भाषण नको. सोयरिकीची बोलणी निघतील तेव्हा घरातील वडील माणसाने पत्रिकेआधी मुलीचा जन्मदाखला मागवावा, आणि दिवस भरले नसतील तर बैठक तेथेच उठवावी. वडीलपणाचा मान ज्यांस हवा, त्यांनी एवढे तरी करून तो मिळवावा.