विश्लेषण : वैमानिक परवाना क्रमांक १… जेआरडी टाटांच्या आयुष्यातून वैमानिकाची कायदेशीर जबाबदारी कशी उलगडते?

विमान कोसळले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. चूक वैमानिकाची होती का? अहमदाबादमध्ये १२ जून २०२५ रोजी झालेल्या अपघातात २६० जणांचा बळी गेला, तेव्हाही तपास पूर्ण होण्याआधीच चर्चा विमानाच्या कॉकपिटपर्यंत पोहोचली होती. कायदा मात्र हा प्रश्न इतक्या सरळ विचारत नाही. वैमानिक, विमान कंपनी, विमान बनवणारा, जमिनीवरचा नियंत्रक आणि परवाना देणारे सरकार यांच्यात जबाबदारी कशी वाटली जाते, हे ठरायला शतकभराचा काळ लागला. त्यातील बराचसा काळ जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांनी आधी वैमानिक, मग विमान कंपनीचे मालक आणि पुढे सरकारी कंपनीचे अध्यक्ष म्हणून अनुभवला.

विमानाचे वेड कुठून आले?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा, तर आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो येथे टाटा कुटुंबाचे सुटीतले घर होते. तेथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरियो. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा हा पहिला माणूस. वाळूवर उतरणारी विमाने पाहतच जेआरडी वाढले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी विमानातून पहिली फेरी मारली आणि आपणही वैमानिक व्हायचे, हे मनाशी पक्के केले. १९२५ मध्ये ते बिनपगारी उमेदवार म्हणून टाटा समूहात दाखल झाले.

परवाना क्रमांक १ म्हणजे नेमके काय?

१९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला. जुहूच्या मैदानावर जेआरडींनी जेमतेम काही तासांचे शिक्षण घेतले आणि ते एकट्याने विमान उडवू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने त्यांना प्रमाणपत्र दिले. त्यावर क्रमांक होता १. भारतात परवाना मिळालेले ते पहिले वैमानिक ठरले.

हा परवाना वाहन चालवण्याच्या परवान्यासारखा वाटला, तरी त्यामागचा विचार वेगळा होता. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने दोन तत्त्वे रुजवली. प्रत्येक देशाची आपल्या आकाशावर पूर्ण सत्ता असेल, हे पहिले. विमान नोंदलेले आणि ते चालवणारा माणूस प्रमाणित असलाच पाहिजे, हे दुसरे. म्हणजे परवाना ही नुसती कौशल्याची पावती नव्हती. आकाशात काही बिघडले तर जाब कुणाला विचारायचा, ते नाव त्यावर लिहिलेले होते.

आगाखान स्पर्धेत काय घडले?

इंग्लंड ते भारत किंवा उलट दिशेने एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० मध्ये तीन तरुण त्यात उतरले. मनमोहन सिंग आधी पोहोचले, पण मुदत उलटून गेल्याने त्यांचे बक्षीस हुकले. जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले होते, तर अ‍ॅस्पी इंजिनीअर लंडनहून कराचीकडे येत होते. दोघांची गाठ इजिप्तमधील अबुकिर येथे पडली. इंजिनीअर यांच्याकडे स्पार्क प्लग नसल्याने त्यांचे विमान अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. इंजिनीअर काही तासांच्या फरकाने जिंकले आणि पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. असे प्लग देणे कोणत्याही नियमात बसवलेले नव्हते. पण वाळवंटात एकट्या वैमानिकाला मदत नाकारणे म्हणजे काय, हे त्या पिढीतील प्रत्येक वैमानिकाला ठाऊक होते.

कराची ते जुहू उड्डाण कोणत्या नियमांखाली झाले?

ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी हवाई टपालाची कल्पना मांडली आणि टाटा सन्सने दोन लाख रुपये गुंतवले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीच्या द्रिघ रोड मैदानावरून एक इंजिनाचे पस मॉथ विमान घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरून ते दुपारी जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. विमानात रेडिओ नव्हता. हवामान, इंधन, दिशा या सगळ्यांचा निर्णय एकाच माणसाच्या हातात होता. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर चिखल होई, तेव्हा सेवा पुण्याला हलवावी लागे.

त्या वेळी देशात १९११ चा जुना कायदा लागू होता. तो अशा काळातला होता, जेव्हा भारतात विमान ही जत्रेत दाखवायची वस्तू होती. वेळापत्रकाने धावणाऱ्या टपाल सेवेला तो पुरणे शक्य नव्हते.

१९३४ च्या कायद्याने काय बदलले?

१९३४ चा विमान कायदा आणि त्याखालील १९३७ चे नियम यांनी भारतीय विमान वाहतुकीची चौकट ठरवली. परवाना, वैद्यकीय तपासणी, विमानाची उड्डाणयोग्यता, अपघाताची चौकशी असे सगळे त्यात आले. जाणूनबुजून धोकादायक रीतीने विमान चालवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद होती. शिक्षेला पात्र होण्यासाठी अपघात घडण्याची गरज नव्हती, इतरांचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात घालणे पुरेसे होते.

त्याच वर्षी दुसराही कायदा आला. १९२९ च्या वॉर्सा कराराला भारतात कायद्याचे बळ मिळाले. प्रवाशाचा मृत्यू झाल्यास भरपाईची जबाबदारी विमान कंपनीवर आली, मात्र तिला रकमेची मर्यादा होती. कंपनीने किंवा तिच्या माणसाने मुद्दाम गैरवर्तन केल्याचे सिद्ध झाले, तर ती मर्यादा गळून पडे. म्हणजे वैमानिकाच्या चुकीची किंमत कंपनीच्या तिजोरीतून जाणार होती. जेआरडींसाठी हा फरक मोठा होता. १९३२ मध्ये ते स्वतःच्या निर्णयाला स्वतः उत्तरदायी होते. १९३८ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झाल्यावर ते इतरांच्या निर्णयांनाही उत्तरदायी झाले.

राष्ट्रीयीकरणाला विरोध का?

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि सरकारने भराभर विमान कंपन्यांना परवाने दिले. मार्ग कमी आणि कंपन्या जास्त, अशी अवस्था झाली. जेआरडींनी त्यावर टीका केली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० मध्ये तातडीचे राष्ट्रीयीकरण टाळून कंपन्यांच्या एकत्रीकरणाकडे कौल दिला. सरकारने मात्र १९५३ मध्ये कायदा करून सगळ्या कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना हे रुचले नाही. तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले. १९५८-५९ मध्ये ते विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे आयाटाचे, अध्यक्ष होते.

‘कमांडर’ हा शब्द कायद्यात इतका महत्त्वाचा का?

१९४४ च्या शिकागो कराराच्या परिशिष्टांनी वैमानिकाचे स्थान स्पष्ट केले. विमानाचा प्रमुख वैमानिक, मग नियंत्रणे त्याच्या हातात असोत वा सहवैमानिकाच्या, विमानाच्या संचालनाला जबाबदार असतो. सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य असेल तर तो नियम मोडू शकतो. विमानाचे काय करायचे, याचा अंतिम अधिकार त्याचाच.

या अधिकाराचा अर्थ ११ एप्रिल १९५५ रोजी दिसला. हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघालेल्या एअर इंडियाच्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमानात बॉम्ब फुटला. चीनचे पंतप्रधान चाऊ एन लाय या विमानाने जाणार होते, पण त्यांनी ऐन वेळी बेत बदलला होता. कॅप्टन दामोदर जठार यांनी पेटलेले विमान समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न केला, तर सहकारी संकटसंदेश पाठवत राहिले. १९ पैकी १६ जण दगावले, त्यांत जठारही होते. कर्मचाऱ्यांपैकी तिघे वाचले. बॉम्ब जमिनीवर ठेवला गेला होता, त्यात वैमानिकाचा काहीही दोष नव्हता. तरी शेवटच्या मिनिटांची जबाबदारी कॉकपिटवरच आली.

मॉन्ट ब्लांकवर चूक कुणाची होती?

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ आल्प्समधील मॉन्ट ब्लांकवर आदळले. डॉ. होमी भाभांसह ११७ जण मृत्युमुखी पडले. फ्रेंच चौकशीतून जबाबदारीची साखळी पुढे आली. दिशा दाखवणारा एक रेडिओ संच नादुरुस्त असल्याचे वैमानिकाला माहीत होते. पर्वताच्या संदर्भात आपण कुठे आहोत, याचा त्याचा अंदाज चुकला. जमिनीवरील रडार नियंत्रकाच्या ते लक्षात आले आणि त्याने दुरुस्तीचा संदेश दिला. पण शब्द नेमके नव्हते. पर्वत मागे पडला, अशी वैमानिकाची समजूत झाली आणि त्याने विमान खाली आणणे सुरूच ठेवले.

येथे एकच दोषी शोधू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. नादुरुस्त यंत्र, चुकलेला अंदाज आणि मोघम वाक्य, यांपैकी एक जरी नसते तर कदाचित ते विमान जिनिव्हाला उतरले असते.

‘एम्परर अशोक’ने काय शिकवले?

१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेले बोइंग ७४७ ‘एम्परर अशोक’ दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. विमान किती कलले आहे, हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे यंत्र बिघडले होते. बाहेर काळोख आणि खाली समुद्र, त्यामुळे डोळ्यांना आधार नव्हता. विमान सरळ झालेले असताना ते उजवीकडे कललेले आहे, असे समजून कॅप्टनने ते डावीकडे वळवत नेले. इतर यंत्रे बरोबर होती, पण त्यांच्या आधारे विमान सावरता आले नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. मृतांच्या नातेवाइकांनी अमेरिकेत बोइंग आणि यंत्रनिर्मात्यांविरुद्ध दावा लावला. तो १९८५ मध्ये फेटाळला गेला.

अपघातानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९७८ मध्ये, मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. १९८० मध्ये इंदिरा गांधी सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपद मात्र पुन्हा मिळाले नाही.

आज कायदा काय सांगतो?

१९३४ च्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. धोकादायक उड्डाणासाठी आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मद्यपानासारख्या गुन्ह्यांत परवाना निलंबित होतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास फौजदारी कारवाईही शक्य असते. पण अपघाताची तांत्रिक चौकशी या सगळ्यापासून वेगळी ठेवलेली आहे. शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टानुसार तिचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच असतो, दोष वा दायित्व ठरवणे नव्हे. शिक्षेच्या भीतीने वैमानिक आणि अभियंते गप्प बसले, तर खरे कारण कधीच कळणार नाही, हे त्यामागचे साधे कारण.

अखेरचे उड्डाण कोणते?

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपाल उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परतली. त्यामुळे अपघातानंतर जाब विचारला जाणाऱ्यांत टाटांचे नाव पुन्हा आले. त्या यादीत वैमानिक असतोच. पण तो एकटा नसतो, हे त्यांच्या कारकिर्दीतील चौकश्यांनी नोंदवून ठेवले आहे.