घोड्याची चाल आणि श्रेयाचा हिशेब

धावत्या मोटारीचा वेग मोजण्यासाठी आज पोलिसांजवळच्या यंत्राची गरज उरलेली नाही. महाविद्यालयातील कोणताही विद्यार्थी खिशातील मोबाइलच्या कॅमेऱ्याने तो मोजू शकतो. रस्त्याच्या कडेला कॅमेरा स्थिर ठेवावा, समोरून आडवी जाणारी मोटार चित्रित करावी आणि मग एकेक चौकट मोजत जावे. सेकंदाला ६० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ४ मीटर लांबीच्या मोटारीचे पुढचे टोक एखाद्या खांबाशी आल्यापासून मागचे टोक त्या खांबाशी येईपर्यंत १२ चौकटी गेल्या, तर काळ झाला एकपंचमांश सेकंद. वेग झाला सेकंदाला २० मीटर, म्हणजेच ताशी ७२ किलोमीटर. हे गणित शाळकरी मुलालाही येते. त्यासाठी लागतात त्या दोनच गोष्टी: चित्रात कोठेतरी ठाऊक असलेले अंतर आणि दोन चित्रांमधला ठाऊक असलेला काळ. या दोन्ही गोष्टी धावत्या प्राण्याच्या चित्रात आणून बसविण्याचे काम १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने केले. चारच वर्षांनी त्या कामावरून त्याचे नाव पुसले गेले. चलच्चित्रपटाच्या इतिहासात मायब्रिजला मानाचे स्थान आहे. परंतु त्याच्या आयुष्यातला हा दुसरा भाग शास्त्र शिकविणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

मायब्रिजचा जन्म ९ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडमध्ये टेम्सकाठच्या किंग्स्टन या गावी झाला. घरचा धंदा धान्य आणि कोळशाचा. जन्मनाव एडवर्ड मगरिज. पुढे त्याने आडनाव दोनदा बदलले आणि पहिल्या नावाचे स्पेलिंगही प्राचीन सॅक्सन राजांच्या वळणाचे करून घेतले. विशीत तो अमेरिकेला गेला आणि १८५५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तकविक्रेता म्हणून स्थिरावला. १८६० मध्ये टेक्ससमध्ये प्रवासी घोडागाडी उलटून त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. गाडीच्या कंपनीवर दावा लावून त्याने २,५०० डॉलर मिळविले, उपचारासाठी तो मायदेशी गेला आणि १८६७ मध्ये परतला तो छायाचित्रकार होऊन. योसेमिटीच्या दऱ्याखोऱ्यांची भल्या मोठ्या काचांवर घेतलेली त्याची चित्रे थोड्याच काळात नावाजली गेली.

या कीर्तीमुळेच १८७२ मध्ये लेलँड स्टॅनफर्डने त्याला बोलावून घेतले. स्टॅनफर्ड हा कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर आणि सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष. सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून हजारो चिनी मजुरांनी लोहमार्ग घातला आणि १८६९ मध्ये त्याच्या अखेरच्या जोडावर सोन्याचा खिळा बसविण्याचा मान मिळाला तो स्टॅनफर्डला. श्रम अनेकांचे आणि समारंभ एकाचा, ही रीत त्या काळी कोणाला खटकत नसे. आजही फारशी खटकत नाही. स्टॅनफर्डला शर्यतीच्या घोड्यांचा नाद होता, आणि तो नुसता नाद नव्हता. घोड्याची चाल नेमकी कळली तर त्याची पैदास आणि तालीम सुधारता येईल, असा त्यामागे व्यापारी हिशेब होता. दुडक्या चालीने जाणाऱ्या घोड्याचे चारही पाय कोणत्या तरी क्षणी एकाच वेळी जमिनीपासून सुटतात काय, हा प्रश्न तेव्हा वादाचा होता. डोळ्याला ते दिसत नसे. स्टॅनफर्डने यावर २५ हजार डॉलरची पैज लावली होती ही कथा फार लोकप्रिय आहे. तिला पुरावा मात्र नाही.

पहिल्या प्रयत्नांत अंधुक सावलीपलीकडे फारसे हाती लागले नाही. त्या काळची ओल्या कलोडियनची काच मंद असे. तिच्यावर उभ्या माणसाचे चित्र उमटायलाही काही सेकंद लागत. शिवाय मध्येच मायब्रिजच्या आयुष्यात एक भयंकर प्रकरण घडले. पत्नी फ्लोराचे हॅरी लार्किन्स नावाच्या गृहस्थाशी संबंध असल्याचे कळताच १७ ऑक्टोबर १८७४ रोजी त्याने लार्किन्सला गोळी घालून ठार केले. फेब्रुवारी १८७५ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. हा निकाल कायद्याने दिला नसून तत्कालीन पुरुषी समजुतीने दिला होता, असेच म्हणावे लागते. फ्लोरा त्याच वर्षी वारली आणि मुलगा अनाथालयात वाढला. मायब्रिजच्या पुढील कर्तृत्वाने या गोष्टीचे परिमार्जन होत नाही. त्याच्यावर झालेल्या अन्यायाची कथा सांगतानाही ती झाकून ठेवणे योग्य नव्हे.

१८७७ मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. ऑक्सिडेंट या घोड्याचे जे चित्र त्या वर्षी प्रसिद्ध करण्यात आले, ते हाताने इतके रंगविलेले होते की लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तो ठेवला नाही हे बरेच झाले. त्या अविश्वासामुळेच पुढचा प्रयोग वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत करावा लागला.

जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील स्टॅनफर्डच्या घोडेपैदास केंद्रावर ही मांडणी उभी राहिली. धावमार्गाच्या एका बाजूला लांबट छपरीत १२ कॅमेरे एका ओळीत ठेवले होते. समोर पांढरी भिंत. तिच्यावर ठरावीक अंतराने उभ्या रेषा आखून त्यांना क्रमांक दिलेले. आणि प्रकाश वर फेकला जावा म्हणून जमिनीवरही पांढरी भुकटी पसरलेली. मार्गावर आडवे दोरे ताणले होते. घोड्याच्या छातीने दोरा तुटला की विजेचा प्रवाह सुरू होऊन त्या कॅमेऱ्याची झडप क्षणार्धात पडे. दुचाकी गाडीला जुंपलेल्या घोड्यासाठी निराळी योजना होती. गाडीचे चाक जमिनीवरील तारेवरून गेले की तेच काम होई. १५ जून रोजी एब एजिंग्टन हा घोडा मैलाला २ मिनिटे २४ सेकंद, म्हणजे ताशी २५ मैल, या दराने दौडला. त्याच दिवशी सॅली गार्डनर ही घोडी दोऱ्यांना बुजून उसळली आणि तिच्या खोगिराचा तंग तुटला. काचा धुऊन बाहेर आल्या तेव्हा तो तुटलेला तंगही चित्रात स्पष्ट दिसत होता. वार्ताहरांची खात्री पटविण्यास याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

१९ जूनला घेतलेली सॅली गार्डनरची चित्रमाला सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि वेगमापनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. घोडीचा वेग मैलाला १ मिनिट ४० सेकंद होता. मायब्रिजने नोंदविले की दोन चित्रांमध्ये २७ इंचांचे अंतर आणि सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग एवढा काळ आहे. प्रत्येक काच उघडी राहिली ती सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. हा हिशेब वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल. मैल १०० सेकंदांत म्हणजे ताशी ३६ मैल, म्हणजे सेकंदाला ५२.८ फूट. २७ इंच म्हणजे सव्वादोन फूट. भागाकार केला की सेकंदाचा साधारण साडेतेविसावा भाग येतो. मायब्रिजची नोंद स्थूल असली तरी प्रामाणिक होती. चित्रांनी वादाचाही निकाल लावला. चारही खूर हवेत असतात हे खरे; पण भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले असताना नव्हे, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. शतकानुशतके चित्रकारांनी रंगविलेला चौखूर उधळलेला घोडा एका सकाळीत खोटा ठरला.

या पद्धतीतली उणीव पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याला जाणवली. मारे मायब्रिजच्याच वर्षी जन्मलेला. घोड्याच्या खुरांखाली रबरी फुगे बसवून त्याने चालीच्या नोंदी आधीच केल्या होत्या आणि १८७३ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला होता. स्टॅनफर्डचे कुतूहल त्या ग्रंथाने अधिकच चाळवले होते. दोऱ्यांच्या मांडणीत अंतर समान असते, काळ मात्र घोड्याच्या स्वाधीन असतो. घोडा मध्येच मंदावला तर कॅमेऱ्याला ते कळत नाही. म्हणजे जो वेग मोजायचा तोच आधी गृहीत धरावा लागतो. मारेने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून समान काळाने, सेकंदाला १२ चित्रे घेतली. मायब्रिजनेही १८७९ पासून २४ कॅमेरे आणि घड्याळाच्या यंत्रणेने ठरावीक काळाने पडणाऱ्या झडपा वापरल्या. मोबाइलचा कॅमेरा आज मारेच्या मार्गाने जातो. प्रकाश कमी झाला की अनेक मोबाइल आपण होऊन चौकटींचा दर बदलतात, आणि मग मोटारीच्या वेगाचे उत्तरही चुकते. मारेची शंका अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत शिल्लक राहिली आहे.

१८८१ मध्ये मायब्रिज युरोपला गेला. पॅरिसमध्ये मारेने आणि चित्रकार मेसोनियेने त्याचे स्वागत केले. काचेच्या फिरत्या तबकडीवरील चित्रे पडद्यावर टाकून धावता घोडा दाखविणारे झूप्रॅक्सिस्कोप हे आपले यंत्र तो बरोबर नेत असे. मार्च १८८२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने ते युवराजासमोर दाखविले. रॉयल सोसायटी त्याचा निबंध प्रसिद्ध करणार होती. एवढ्यात बॉस्टनहून एक पुस्तक येऊन थडकले: ‘द हॉर्स इन मोशन’. लेखक स्टॅनफर्डचे स्नेही डॉक्टर जे. डी. बी. स्टिलमन, आश्रयदाता म्हणून स्टॅनफर्डचे नाव. मुखपृष्ठावर मायब्रिजचा पत्ता नव्हता; आत तो होता तो स्टॅनफर्डने नेमलेला एक कुशल छायाचित्रकार म्हणून. आतील बहुतेक चित्रे त्याच्या छायाचित्रांवरून काढलेली रेखाटने होती. रॉयल सोसायटीने खुलासा मागितला आणि निबंध मागे ठेवला. लंडनमध्ये काल ज्याचा सत्कार झाला, तो आज दुसऱ्याचे काम आपले म्हणून सांगणारा ठरला.

स्टॅनफर्डची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. प्रश्न त्याचा, घोडे त्याचे, जमीन त्याची. सुमारे ५० हजार डॉलर त्याने या कामी खर्चिले असे सांगतात. विजेने पडणाऱ्या झडपेची युक्ती जुळविण्यात त्याच्या रेल्वेतील अभियंता जॉन आयझॅक्स याचा मोठा हात होता. पगारी माणसाच्या श्रमाचे फळ मालकाचे, हा नियम रुळांना आणि डब्यांना लागू असतो, तर छायाचित्राला का नसावा, असे रेल्वेच्या अध्यक्षाला वाटणे स्वाभाविक होते. परंतु १८७८ ची चित्रपत्रे विक्रीस आली ती मायब्रिजच्या स्वामित्वहक्काखाली. मार्च १८७९ मध्ये या पद्धतीची आणि उपकरणांची पेटंटे मिळाली ती मायब्रिजच्याच नावाने. तेव्हा स्टॅनफर्डने हरकत घेतली नाही. ज्या वस्तूची मालकी आपण होऊन दुसऱ्याच्या नावे नोंदू दिली, तिच्यावर कीर्ती झाल्यावर हक्क सांगणे व्यापारी नीतीलाही धरून नव्हते. अर्थात त्याच पेटंटांत आयझॅक्सचे नाव नाही, हेही नमूद केले पाहिजे. श्रेय वरच्याने खालच्याचे घ्यावे ही साखळी मायब्रिजपाशी थांबली नव्हती.

मायब्रिजने स्टॅनफर्डवर दावा लावला. १८८५ मध्ये तो फेटाळला गेला. त्या सुमारास तो फिलाडेल्फियात होता. पेनसिल्वेनिया विद्यापीठाने १८८४ पासून त्याला पैसा आणि जागा दिली. येथे कोरड्या काचा आल्या, झडपांचे काळ नादकाट्याच्या साह्याने नोंदले जाऊ लागले आणि घोड्यांबरोबर माणसे, पक्षी, प्राणिसंग्रहालयातील पशू यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. १८८७ मध्ये ‘अॅनिमल लोकोमोशन’ हा ७८१ तक्त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या वेळी ग्रंथावर नाव मायब्रिजचेच होते. वर्गणीदाराला १०० डॉलरमध्ये १०० तक्ते निवडून घेता येत. त्या काळी ही किंमत सामान्य शिक्षकाच्या आवाक्यातली नव्हती. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा अनेक तक्त्यांत बिघडलेल्या चित्रांच्या जागी दुसरी चित्रे बसवून मालिका पूर्ण केलेली आढळली. आकडेवारीच्या तक्त्यात रिकामी घरे अंदाजाने भरावीत आणि तळटीप देऊ नये, तशातलाच हा प्रकार. चित्रकाराला तो खपेल, मोजणी करणाऱ्याला खपणार नाही.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याने स्वतंत्र सभागृहात खेळ केले. पुढच्या वर्षी तो किंग्स्टनला परतला, १८९९ आणि १९०१ मध्ये आपल्या चित्रांची दोन आटोपशीर पुस्तके त्याने काढली आणि ८ मे १९०४ रोजी तो वारला. मारेही त्याच महिन्यात गेला. वोकिंग येथे मायब्रिजच्या अस्थी ठेवल्या आहेत; त्यावरील शिळेवर त्याचे आडनाव एका अक्षराने चुकीचे कोरलेले आहे. झूप्रॅक्सिस्कोप, तबकड्या आणि वृत्तपत्रांतील कात्रणांची वही त्याने जन्मगावाला दिली. किंग्स्टनच्या संग्रहालयात ती आजही पाहावयास मिळतात.